माहिती गोळा केली जात आहे

आमच्या ह्यांचं एक वाक्य लोकसभेत वाचलं गेलं आणि त्या वाक्यानं मी काशीत अडकले. वाक्य दिसायला अगदी गरीब होतं. 'माहिती गोळा केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.' मंत्र्यांनी ते चष्मा सावरत वाचलं आणि खाली बसले. ब्रह्माघाटावरच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं दूरदर्शनसमोर बसलो होतो. ह्यांचा चेहरा आधी खुलला, कारण आपलं वाक्य दिल्लीत जसंच्या तसं बोललं जातंय हे त्यांना कळलं. मग तो उतरला. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "कुछ नाही." हे असं म्हणाले की काहीतरी मोठंच झालेलं असतं.

मी मूळची मिरजेची. हे पिढ्यान्‌पिढ्यांचे काशीकर. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि घाबरले की दोन्हींची खिचडी. नाव ढुंढिराज. केंद्र सरकारच्या जलवाहतुकीच्या एका खात्यात मापन-निरीक्षक. हा हुद्दा ऐकून माझ्या वडिलांनी मुलगी दिली. चुनारचा दगड नावांतून काशीला यायचा, त्या काळात या हुद्द्याला अर्थ होता. नाव किती लांब, किती रुंद, किती भार पेलेल हे निरीक्षकानं मोजायचं आणि तिच्या कुशीवर पांढरी रेघ ओढायची. रेघ पाण्याखाली गेली की नाव जास्त भरली असं समजायचं. पुढे दगड ट्रकनं यायला लागला. मुन्शी घाटाच्या वर एका जुन्या इमारतीत ह्यांची कचेरी होती, ती मात्र तशीच राहिली. शिपाई निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणी आलं नाही. हे रोज वेळेवर जायचे, खिडकी उघडायचे, गंगेकडे बघायचे, खिडकी लावून घरी यायचे. रजा मागितली तर मिळायची नाही, कारण त्यांच्या जागी बसायला दुसरा माणूस नव्हता. काम नसलेल्या खुर्चीवरसुद्धा कुणीतरी बसलेलं लागतं, हे मला लग्नानंतर कळलं.

मला त्याचं फारसं दुःख नव्हतं. दुःख होतं ते मिरजेचं. वडील गेल्यापासून आई तिथे एकटी होती. मला भाऊ नाही, बहीण नाही. शेजारची गीता फोन करायची. आज दूध गॅसवर ठेवून काकू देवळात गेल्या. आज भाजी घ्यायला गेल्या आणि घर सापडेना, रिक्षावाल्यानं आणून सोडलं. "शरदिनीताई, आता तुम्ही काहीतरी बघा." बघू काय? आईला इकडे ये म्हटलं तर ती म्हणायची, "काशीला म्हातारी माणसं कशाला जातात ते मला ठाऊक आहे. मला इतकी घाई नाही." बरं, मी तिकडे जाऊन राहावं तर आठव्या दिवशी ती माझी परतीची तयारी करून मोकळी. तिची मोठी बहीण नवऱ्याला सोडून माहेरी आली होती आणि तिचे गल्लीनं जे हाल केले ते आईनं डोळ्यांनी पाहिले होते. "जावयांची बदली होऊ दे," ती म्हणायची. "सरकारनं पाठवलं म्हटलं की कुणाची बोलायची टाप नाही. मग दोघं या आणि मला मरेपर्यंत सांभाळा."

बदली होणं शक्य नव्हतं. ह्यांच्या खात्याची कचेरी आमच्या मिरजेच्या आसपास कुठेच नाही. एकच वाट होती. ह्यांचं पदच रद्द झालं तर हे 'अतिरिक्त' ठरणार, आणि अतिरिक्त माणसाला सरकार दुसऱ्या खात्यात सामावून घेतं, शक्यतो तो मागेल त्या गावी. मिरजेत टपाल खात्यात जागा रिकामी होती, हे मी गीताकडून पक्कं काढलं होतं. तेव्हा इतर बायका नवऱ्याच्या बढतीसाठी संकष्टी धरत होत्या आणि मी नवऱ्याचं पद जावं म्हणून धरत होते. गणपतीलाही चमत्कारिक वाटलं असेल.

त्या हिवाळ्यात माझं गाऱ्हाणं दिल्लीपर्यंत पोचलं असं मला वाटलं. लोकसभेत नोकरशाही कमी करण्यावर चर्चा सुरू झाली. एक तरुण खासदार तावातावानं बोलायचे. सरकारी नोकर म्हणजे सरकारचे जावई, निम्म्या खुर्च्या मोडीत काढा, देश हलका होईल. त्यांच्यासमोर एक वयस्कर सदस्य उठायचे. सावकाश बोलायचे. मंत्री येतात आणि जातात, म्हणायचे. खेड्यातल्या माणसाला सरकार म्हणून जो दिसतो तो कारकूनच असतो, त्याला काढून टाकाल तर त्या खिडकीत कोण बसणार? हे वयस्कर सदस्यांच्या वेळी मान डोलवायचे. मी उघडपणे तरुणाच्या बाजूची. भाजी निवडता निवडता मी त्यांना शाबासकी द्यायची.

आणि एक दिवस त्या देवमाणसानं काशीचंच उदाहरण घेतलं. वाराणसीत नावा मोजण्याचं एक सरकारी कार्यालय आहे, गेल्या पाच वर्षांत त्यानं किती नावा मोजल्या, असा प्रश्न त्यांनी लेखी दिला. तो दिल्लीहून ह्यांच्या पाटण्याच्या साहेबांकडे आला, साहेबांकडून ह्यांच्याकडे. हे घरी येऊन सांगू लागले तेव्हा मी पुरणाचा घाट घातला. "लिहा शून्य," मी म्हटलं. "ढळढळीत शून्य लिहा. एकदाचे सुटू." हे म्हणाले, "हो, हो. दुसरं काय लिहिणार?" त्यांनाही जायचं होतं. आईवर त्यांचा जीव होता, हे मी नाकारणार नाही.

आणि मग ते दूरदर्शन, आणि मंत्र्यांच्या तोंडी ते वाक्य.

"शून्य कुठे गेलं?" मी विचारलं.

"लिहिलं होतं गं. गंगामाईची शपथ. मग खोडलं."

"का?"

"अगं, पहिल्याच जवाबात शून्य कोणी देत नाही. सुन तो सही. आधी लिहायचं, माहिती गोळा होतेय. मग साहेब बघतात, वरचे बघतात, थोडे दिवस जातात, आणि मग हळूच शून्य जातं. कोणाला लागत नाही. आमच्याकडे रीतच आहे तशी. मी नोकरीला लागलो तेव्हा बडेबाबूंनी पहिलं हेच शिकवलं होतं."

"मग आता हळूच शून्य पाठवा."

ह्यांनी चष्मा काढून पुसला. "आता ते आश्वासन झालं."

आश्वासन म्हणजे काय ते मला त्या दुपारी समजलं. मंत्री सभागृहात उभे राहून 'माहिती ठेवू' म्हणाले की ते नुसतं बोलणं राहत नाही. त्याची नोंद होते, त्यावर एक समिती लक्ष ठेवते. माहिती पटलावर जाईपर्यंत त्या कचेरीला कुणी हात लावायचा नाही, असा ह्यांच्या खात्याचा दंडक. पद रद्द करायचं नाही, माणूस हलवायचा नाही, राजीनामासुद्धा घ्यायचा नाही. थोडक्यात, ज्या खुर्चीला मोडीत काढायला ते खासदार निघाले होते तिला ह्यांनी स्वतःच्या हातानं खिळे ठोकले. त्या दिवसासाठी मुद्दाम पुन्हा केलेली पुरणपोळी मी तशीच झाकून ठेवली. त्या दिवशी मी फार बोलले. सगळं लिहीत नाही.

शून्य पाठवलं ह्यांनी, दुसऱ्याच आठवड्यात. ते परत आलं. पाटण्याच्या साहेबांनी फोन केला, तो मी शेजारी उभी राहून ऐकला. आवाज इतका मोठा की ऐकायला कान लावावा लागला नाही. "ढुंढिराजजी, मंत्रीजी सदन में कह चुके हैं कि सूचना एकत्र की जा रही है. शून्य को कोई एकत्र करता है क्या? सदन पूछेगा, इतने दिन क्या एकत्र कर रहे थे?" शून्य सांगितलं तर मंत्री खोटे पडणार होते. मंत्र्यांना खोटं पाडणाऱ्या कागदावर सही करायला खालपासून वरपर्यंत कुणी तयार नव्हतं. म्हणून मुदतवाढ मागितली गेली. ती संपली, पुन्हा मागितली गेली. आता हे रोज कचेरीत जाऊन खिडकीही उघडत नसत, नुसते बसून राहत.

गीताचे फोन चालूच होते. आई एकदा मिरज जंक्शनवर सापडली, तिकिटाच्या रांगेत. कुठे जायचंय ते तिला सांगता येईना. रांगेतली माणसं चांगली होती, त्यांनी तिला बाकावर बसवलं. मी तो फोन ठेवला आणि ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान खाली घातली. एवढंच त्यांना जमत होतं.

संक्रांतीच्या स्नानाला मी शिंदे घाटावर गेले होते. ओल्या पदरानं पायऱ्या चढताना सहज मागे वळून पाहिलं. शेजारच्या मणिकर्णिकेला लाकडाच्या नावा लागत होत्या. चितेची लाकडं. नावा इतक्या भरलेल्या की काठ पाण्याला टेकलेले, आणि वर ओंडक्यांची उतरंड. मी तिथेच थांबले. ही मालवाहू नाव नाही तर काय? रोज येतात, वर्षानुवर्षं येतात, आणि आमचे निरीक्षकसाहेब नाव मिळत नाही म्हणून खिडकीत बसतात!

घरी येऊन सांगितलं तर हे दचकलेच. "शिव शिव. त्या लाकडाला माप लावत नाहीत."

"नियमात तसं लिहिलंय?"

"नियमात नाही. पण माझ्या आधीच्या निरीक्षकांनी लावलं नाही, त्यांच्या आधीच्यांनी लावलं नाही. मरणाच्या सामानावर सरकार फीत टाकत नाही. अशुभ असतं. दगड, वाळू, धान्य, हे सगळं मोजायचं. लाकडाची नाव आली की निरीक्षक तोंड फिरवतो."

"मग यापुढे फिरवू नका," मी म्हटलं. "माझी आई अजून जिवंत आहे. तिच्यापाशी पोचायला मला हीच लाकडं लागणार आहेत. नावा मोजा, आकडा पाठवा, ते आश्वासन एकदा फिटू दे. मग तुमचं पद जाऊ दे नाहीतर राहू दे, निदान तुम्हाला राजीनामा तरी देता येईल."

हे उत्तर त्यांना खोडता येईना. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मणिकर्णिकेला गेलो. ह्यांच्या हातात फीत आणि रंगाचा डबा, माझ्या हातात ह्यांच्या चपला. मला वाटलं होतं मल्लाह, म्हणजे तिथले नावाडी, भांडतील. शिवमूरत नावाचा एक म्हातारा नाववाला पुढे आला, लाकडाच्या दोन नावांचा मालक. ह्यांनी बिचकत बिचकत काम सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ए साहेब, लकीर खींच दीं. लाला के देखा देब कि एसे जादा ना लदाई." रेघ ओढा, याच्यावर भरायचं नाही असं व्यापाऱ्याला दाखवतो, असं त्याचं म्हणणं. मागच्या पावसाळ्यात त्याच्या भावाची नाव याच घाटासमोर बुडाली होती. लाकडाचा व्यापारी ऐकायचा नाही, ओंडक्यावर ओंडका चढवायचा, आणि मल्लाहांच्या बोलण्याला किंमत नव्हती. सरकारची रेघ असती तर भाऊ वाचला असता, असं तो म्हणाला. सरकार इतके दिवस कुठे होतं, असं मात्र त्यानं विचारलं नाही. ह्यांनी ते ओळखलं असावं, कारण ते विजार वर करून सरळ पाण्यात उतरले.

नंतर रोज तेच. हे गुडघाभर पाण्यात उभे, फीत नावेच्या कुशीला, आणि तोंडानं माप सांगत असलेले. मल्लाह त्यांना चाय आणून द्यायचे. दुसऱ्या घाटांवरून बोलावणी यायला लागली, साहेब, आमच्या नावेवर पण. एका व्यापाऱ्यानं रेघ खरवडली तर हे त्याच्या वखारीत जाऊन ओरडून आले. आमचे हे! ज्यांनी भाजीवाल्याशी कधी घासाघीस केली नाही. घरी आले की जेवताना नावांच्याच गोष्टी. मला बरं वाटायचं, खोटं का सांगू? माणूस जिवंत झाल्यासारखा दिसत होता. मी मनात म्हणायची, होऊ देत थोडे दिवस हौस, मग आहेच मिरज.

आकडा गेला. त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या, कारण तो शून्य नव्हता. पुढच्या अधिवेशनात माहिती पटलावर ठेवली गेली आणि आश्वासन फिटलं. मी देवापुढे साखर ठेवली. पण लोकसभेतली ती चर्चा अजून संपलेली नव्हती. ते वयस्कर सदस्य उठले, हातात तोच कागद. "ज्या कार्यालयाला आपण निरुपयोगी म्हणालात," ते म्हणाले, "तिथला एक कर्मचारी रोज गंगेच्या पाण्यात उभा राहतो, चितेची लाकडं वाहणाऱ्या नावाड्यांचे जीव वाचावेत म्हणून. कात्री चालवण्याआधी माणसं बघा." बाकं वाजली. आमचे तरुण खासदारसुद्धा उठले आणि म्हणाले, असे कर्मचारी असतील तर माझा विरोध नाही. ज्यांना मी इतकी शाबासकी दिली, त्यांनीच माझा घात केला. मंत्र्यांनी तिथल्या तिथे सांगितलं की वाराणसीचं पद कायम राहील आणि मदतीला आणखी एक माणूस दिला जाईल.

हे माझ्याकडे वळले. डोळे भरलेले. "ऐकलंस?"

ऐकलं होतं. मी विचारलं, "राजीनामा कधी देताय?"

त्यांनी उठून दूरदर्शन बंद केलं. पंख्याचा आवाज, खाली गल्लीत गायीला हाकलणाऱ्या कुणाचा तरी आवाज. मग म्हणाले, "आता कसा देऊ गं? आता तर काम आहे."

मला राग यायला हवा होता, तसा आला. पण त्याआधी भीती वाटली. इतकी वर्षं मी समजत होते की आम्ही दोघं एका जागी अडकलोय. ह्यांची सुटका झाली होती, काशीत राहूनच झाली होती, आणि ती मीच त्यांना बोट धरून नेऊन करून दिली होती. अडकलेली मी एकटीच उरले होते. त्या माणसाला दोष तरी काय देणार? शिवमूरतच्या नावेवरची रेघ खरी होती. कुणाचा तरी भाऊ त्यामुळे वाचणार होता. मला नवऱ्याचा अभिमान वाटत होता आणि त्याचं तोंड बघवत नव्हतं, दोन्ही एकाच वेळी.

"मग मी जाते," मी म्हटलं.

"आईंना चालणार नाही."

"नको चालू दे. दारात बसेन."

हे स्टेशनवर पोचवायला आले. खिडकीतून पाण्याची बाटली दिली, पेरू दिले. "मी बघतो काही होतं का," म्हणाले, "अर्ज टाकून ठेवतो." मी हो म्हटलं. गाडी सुटली तेव्हा ते हात हलवायचंही विसरले, नुसते उभे राहिले. त्यांच्या चपलांना पांढरा रंग लागलेला होता.

वाटेत मी आईशी भांडायची सगळी तयारी केली. ती काय म्हणेल, मी काय म्हणेन, गल्ली काय म्हणेल, तिला काय सुनवायचं. मिरजेला उतरले तेव्हा माझ्याकडे प्रत्येक बोलण्याला उत्तर तयार होतं.

दार आईनंच उघडलं. केस नीट विंचरलेले, स्वच्छ लुगडं, पूर्वीपेक्षा वाळलेली. माझ्याकडे, माझ्या पिशव्यांकडे तिनं नीट बघितलं आणि हसली.

"गीतानं पाठवलं ना तुम्हाला? या, आत या. म्हणाली होती ती, सोबतीला बाई बघते म्हणून."

मी उंबऱ्यातच उभी राहिले. "आई," म्हटलं. तिनं त्यात काही वावगं मानलं नाही. म्हातारीला सगळेच आई म्हणतात. तिनं मला स्वयंपाकघर दाखवलं, चहासाखरेचे डबे दाखवले, माडीवरची खोली दाखवली. खोली झाडून ठेवलेली होती, दोन गाद्या, दोन उशा.

"कुठल्या तुम्ही?"

"काशीची."

"अगबाई! माझी लेक असते तिथे." तिचा चेहरा एकदम उजळला. "जावई सरकारात मोठ्या हुद्द्यावर आहेत. आता बदली होतेय त्यांची इकडे. होणार म्हणजे झाल्यातच जमा. ती दोघं आली की मात्र तुम्हाला ही खोली रिकामी करून द्यावी लागेल हं. आधीच सांगून ठेवते."

"करीन की," मी म्हटलं.